शंभर मीटरवरची खुर्ची

त्याचा पगार किती आहे हे नात्यात फुटलं, तेव्हा अर्ध्या लोकांना ती थट्टा वाटली आणि उरलेल्या अर्ध्यांनी मनातल्या मनात त्याला चोर ठरवून टाकलं. क्रेन चालवतो म्हणे! खालून बघाल तर दिवसभर खुर्चीत बसून दोन दांडे मागेपुढे करतो, बस्स. ज्या इमारतीसाठी ती क्रेन उभी केली होती, तिचे नकाशे काढणारा इंजिनिअर सहा वर्षं शिकून डोळे फोडून बसलेला, पण त्यालाही याच्यापेक्षा कमी मिळायचं. बँकेतला साडू तर ते ऐकून दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फोन केला, "काय हो, तुमच्याकडे अजून भरती चालू आहे का?" आपण थट्टा करतोय असं दाखवायला हसलासुद्धा. पण प्रश्न खराच होता.

हा पगार कशाचा मिळतो, ते साडूला कोणी सांगितलं नाही. रोज सकाळी सातला शिडी. तीनशेवर पायऱ्या, उभ्या, लोखंडाच्या, थंडीत तळहाताची सालं काढतील अशा गार. वर कपाटाएवढी काचेची केबिन. त्यात एक खुर्ची, दोन दांडे, एक रेडिओ. दोन पायांच्या मधोमध काच, आणि काचेखाली शंभर मीटर नुसती हवा. एकदा वर बसलं की संध्याकाळशिवाय उतरायचं नाही. जेवण डब्यात आणि ते दुसरं बाटलीत. कामावरचे लोक त्याला 'कावळा' म्हणायचे. "ए कावळ्या, काय दिसतंय रे वरून?" त्याला लांबलांबचं सगळं दिसायचं, पण नेमका माल जिथे उतरवायचा ती जागा बहुतेक वेळा भिंतीआड असायची.

त्यासाठी खाली सिग्नलवाला उभा असे. तो रेडिओवर बोलत राहणार, "ये, ये, ये, डावीकडे, हळू, अजून हळू, थांब," आणि त्या आवाजाच्या भरवशावर तीन टनांचा सळयांचा भारा माणसांच्या डोक्यावरून नेऊन ठेवायचा. आवाज बंद पडला की हात बंद, हा त्यांचा नियम. आणि दुसरी गोष्ट झोक्याची. दोराला टांगलेला भारा हलणारच. तो एका बाजूला जायला लागला की क्रेनचा हातही त्याच्यामागे न्यायचा, बरोबर त्याच्या डोक्यावर आणून थांबवायचा, म्हणजे झोका तिथल्या तिथे मरतो. याला ते लोक 'झोका पकडणं' म्हणतात. शिकवून येत नाही, बुडाला कळावं लागतं. हा त्यात उस्ताद होता. काठोकाठ भरलेला चहाचा कप याने वरून खाली ठेवला असता तर बशीत थेंब पडला नसता.

अकरा वर्षं त्याने हे केलं. वर चढायचा तो, पण उंची वाढली बायकोची. जुन्या दोन खोल्या सोडून चौथ्या मजल्यावर मोठं घर झालं. मेहुण्याने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, फरशीचं दुकान काढलं, ते बसलं, मग नळांचं काढलं, तेही बसलं. मग तो उरलेल्या मालासकट बहिणीकडेच राहायला आला. मुलगी हुशार, तिला प्रयोगशाळेतलं रक्त तपासायचं शिक्षण घ्यायचं होतं, ते महागडं शिक्षण सुरू झालं. घरात याची बडदास्त होती, खोटं कशाला बोला. सकाळी पहिलं गरम पाणी याचं. खिडकीजवळची आरामखुर्ची याची. "अहो, तुम्ही बसा, तुम्ही दमून आलात," असं बायको म्हणायची तेव्हा मेहुणा आपण होऊन उठायचा आणि "या दाजी, या" म्हणून उशी झटकून द्यायचा.

दहाव्या वर्षी घरातली फरशी हलायला लागली.

क्रेनची केबिन नेहमीच थोडी डुलते. ते डुलणं त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की आता थांबलेली जमीनच त्याला सोसवेना. आंघोळीला बसला की बादली सरकतेय असं वाटायचं. रस्त्यात चालताना तो भिंतीच्या कडेकडेने जायचा. बायकोने एकदा ते पाहिलं आणि दारातच अडवून त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास येत नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला आणि विषय संपला. मुलीने मात्र लावून धरलं, "बाबांना बरं नाहीये, त्यांना डॉक्टरकडे न्या." पण डॉक्टरकडे गेलं तर कागद होणार, कागद झाला तर कंपनीला कळणार. तेव्हा कोणी नेलं नाही आणि तोही गेला नाही.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, पान हलत नव्हतं. केबिनमधलं वाऱ्याचं मीटर शून्याला चिकटलेलं. सळयांचा भारा चौदाव्या मजल्यावर टांगून धरलेला आणि सिग्नलवाला म्हणत होता, "थांब, तिथेच धर." याने धरला. आणि याला दिसलं की भारा डावीकडे चाललाय. अकरा वर्षांचा हात. विचार करायच्या आधीच त्याने झोका पकडला. पण झोका नव्हताच! भारा गप्प उभा होता, हलत होतं ते याचं डोकं. नसलेला झोका पकडायला गेला आणि त्यानेच खरा झोका सुरू करून दिला. सिग्नलवाला ओरडला, "अरे थांब, थांब!" याने घाबरून उलट्या बाजूने पकडला, झोका आणखी वाढला. खाली सळया बांधणारा एकजण भारा ओढून घ्यायला हात पुढे करून उभा होता. त्याचा हात भारा आणि खांबाच्या मधे सापडला.

तीन बोटं गेली.

मुकादमाने रेडिओवर एवढंच विचारलं, "वारा होता ना रे?" त्याने शून्यावरच्या मीटरकडे पाहिलं. मुकादम पुन्हा म्हणाला, "अरे कावळ्या, वारा होता ना?"

"होता," तो म्हणाला.

झालं. नोंदवहीत वारा लिहिला गेला. वाऱ्याचं बरं असतं, त्याच्या घरी कोणी चौकशीला जात नाही. दोन दिवसांनी हा फळं घेऊन दवाखान्यात गेला, तर तो सळईवालाच याला धीर द्यायला लागला. "तुम्ही का तोंड पाडून बसलात? वाऱ्यापुढे तुम्ही तरी काय करणार? तुम्ही होतात म्हणून हात वाचला. दुसरा असता तर खांद्यापासून गेला असता." हा संत्रं सोलून त्याला भरवत बसला.

घरी येऊन मात्र त्याने बायकोला खरं ते सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मेला का तो?" तिने विचारलं.

"नाही. तीन बोटं गेली."

"डाव्या हाताची की उजव्या?"

"डाव्या."

"मग?" ती म्हणाली आणि पुढची चादर घेतली.

"मला खाली उतरायचंय," तो म्हणाला. "उद्या माणूस मरेल माझ्या हातून. नाहीतर मी."

आता तिचे हात थांबले. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि बघा, तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. वाईट बाई नव्हती ती. "अहो, असं अर्ध्यावर कसं सोडून चालेल?" ती म्हणाली. "पोरीचं शिक्षण व्हायचंय. एक वर्ष काढा. माझ्यासाठी."

तो कधी दमलो म्हणाला की 'एक वर्ष काढा' हे ती गेली चार वर्षं ऐकवत होती. पण त्याला एक आशा होती. पंधरा दिवसांवर कंपनीची वार्षिक तपासणी आली होती. डोळे मिटून, एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, मग सरळ रेषेवर चालून दाखवायचं. त्यात तो पडणार, हे उघड होतं. पडला की सुटला; बोल कोणालाच नाही. त्याने हे जेवताना जवळजवळ खुशीत सांगितलं, आणि तिथेच गाढवपणा केला.

मेहुण्याने लगेच विडा उचलला. "तीस सेकंद ना दाजी? एवढंच? अहो, माणसं परीक्षेला बसतात, तयारी करतात, पास होतात. यात काय आहे!" दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. टेबल बाजूला सरकवलं. हा मधोमध, डोळे मिटून, एक पाय वर. मेहुणा मोबाइलवर सेकंद मोजतोय, बायको समोरून सांगतेय, "पोट आत घ्या. पोट आत घ्या म्हणते ना! अंगठा जमिनीत रुतवा." सहाव्या सेकंदाला तो फ्रिजवर आपटायचा. मेहुणा हसून म्हणायचा, "पुन्हा!" आठव्या सेकंदाला ओट्यावर. "पुन्हा!" कपाळाला टेंगूळ आलं तर तपासणीआधी उतरायला हवं म्हणून बायकोने बर्फ लावला. मुलगी एकटी त्याच्या मागे हात पसरून उभी राहायची, तो पडला तर धरायला. तिला मामाने सांगितलं, "तू धरतेस म्हणून ते पडतात. बाजूला हो." ती झाली नाही. तेव्हा तिला त्या वेळेपुरतं खोलीबाहेर काढायला लागले.

पंधरा दिवस. सर्कशीतल्या जनावरालासुद्धा रविवारी सुट्टी असते, याला नव्हती.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरने डोळे मिटायला सांगितले. हा पडायच्या तयारीने उभा राहिला आणि पडलाच नाही! अंगठा आपोआप रुतला, पोट आपोआप आत गेलं. त्याचं अंगच त्याला फितूर झालं. तीस सेकंद झाले. रेषेवरूनही तो नीट चालला. डॉक्टर "उत्तम" म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.

"साहेब," तो म्हणाला, "मला गरगरतं. रोज. वर्ष झालं."

"आत्ता तर छान उभे होतात."

"ते घरच्यांनी पाठ करून घेतलं."

डॉक्टर हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाहेर तुमच्या कंपनीचा माणूस बसलाय. त्यांना दुसरा क्रेनवाला मिळत नाहीये. मी 'ठीक' लिहितो. तुम्ही काही बोललातच नाही असं धरू. विचार करा, तुमचं नुकसान आहे."

त्याला बायको दिसली, मोठं घर दिसलं, उशी झटकणारा मेहुणा दिसला. पण तो म्हणाला, "लिहा साहेब. गरगरतं म्हणून लिहा." बोटांचं मात्र त्याने सांगितलं नाही. तरीसुद्धा, आयुष्यात त्याने एक धीट गोष्ट केली असेल तर ती हीच.

कंपनीने त्याला भांडारात बसवलं, एक तृतीयांश पगारावर. हेल्मेटं, हातमोजे, कमरेचे पट्टे द्यायचे, सही घ्यायची, संध्याकाळी परत मोजून ठेवायचे. आणि जोडीला कोण, तर तो सळईवाला! त्यालाही हलकं काम म्हणून तिथेच आणून ठेवलेला. दिवसभर शेजारी बसून दोन बोटांच्या हाताने पट्टे लटकवायचा आणि नवीन कोणी आला की सांगायचा, "वाऱ्याने नेली हो माझी बोटं. विचारा यांना, हेच होते वर." आणि याला दर वेळी मान डोलवावी लागायची.

घरी बायकोने त्याला एका शब्दाने दुखावलं नाही. आठ महिने नाही! दुखावलं असतं तर बरं झालं असतं. गरम पाणी आता शेवटी उरलं तर याला, कारण "तुम्हाला कुठे घाई असते?" खिडकीजवळच्या खुर्चीत मेहुणा बसायचा आणि हा आला तरी उठायचा नाही, 'दाजी' तर त्याच्या तोंडातून गळूनच गेलं होतं, आता नुसतं "कोण, तुम्ही होय". फोनवर बायको बहिणीला, यालाही ऐकू येईल अशा आवाजात, सांगायची, "हो, हे बरे आहेत. नाही गं, आजार कसला? आम्हाला तरी काही दिसत नाही बाई." मुलीचं शिक्षण बंद पडलं. एका दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायच्या काउंटरवर ती कामाला लागली. तिने तक्रार केली नाही. संध्याकाळी दोन कप चहा करून ती त्याच्याजवळ येऊन बसायची, तेवढंच काय ते त्याचं दिवसभरातलं माणसाशी बोलणं.

पण एक खरं. फरशी थांबली होती. चौथ्या महिन्यात एक दिवस तो रस्त्याच्या मधून चालत घरी आला आणि दारात पोचल्यावर त्याला ते लक्षात आलं. जिन्यावर बसून तो रडला. सांगणार कोणाला? सांगितलं असतं तर म्हणाले असते, बरे झालात ना, मग चढा वर.

क्रेन शिकवणाऱ्या शाळेत आता मुलीही घेतात, ही बातमी मेहुण्यानेच आणली. क्रेनवाल्याची मुलगी म्हटल्यावर कंपनी शिकवणीचा खर्च स्वतः करणार होती. मुलगी तयार झाली. तिला उंचीची भीती कधीच नव्हती. तीन महिन्यांत ती शिकलीसुद्धा, आणि अशी शिकली की शिकवणारा म्हणाला, हिला झोका बुडाला कळतो. तिचा ठरलेला पगार घरात समजला त्या सकाळी न्हाणीघराबाहेरून बायकोची हाक आली, "अहो, उठा, तुमचं पाणी निवतंय!" मेहुणा खुर्चीतून उठला. "बसा दाजी, बसा. लेक कोणावर गेलीये? बापावरच की!" साडूचाही फोन आला.

हा बसला खुर्चीत.

नेमणुकीच्या कागदावर सही करायच्या दिवशी दुपारी मुलगी भांडारात आली. सळईवाला पाणी भरायला गेला होता. दोघंच होते. तिने कागद टेबलावर ठेवला.

"बाबा, घरी मुद्दाम विचारलं नाही. आईसमोर तुम्ही खरं बोलणार नाही, मला माहितीये. वर नक्की काय होतं? मला मजा येते, पण मी तीन महिनेच चढलेय. तुम्ही अकरा वर्षं काढलीत. त्या माणसाची बोटं गेली, ती खरंच वाऱ्याने?" तिने त्याचा हात धरला. "तुम्ही 'नको' म्हणालात ना, तर मी हा कागद इथेच फाडते. कारण विचारणार नाही. आईला मी बघते, मामालाही बघते. मला काउंटर चालतं, बाबा. तुम्ही एकदा फक्त सांगा."

आता याहून जास्त कोणी काय करायचं? अडवायला कोणी नव्हतं, ऐकायला कोणी नव्हतं. पोटची पोर हात धरून विचारत होती. दोन अक्षरं बोलायची होती. हलणारी बादली त्याला आठवली, भिंतीच्या कडेने चालणं आठवलं, खांबावरचं रक्त आठवलं. ते सगळं तिला होणार, आज नाही तर दहा वर्षांनी होणार, हे जगात कोणाला पक्कं माहीत असेल तर त्याला होतं. आणि त्याच वेळी त्याला हेही कळत होतं की ही सही झाली नाही तर उद्या सकाळपासून गार पाणी, आणि जन्मभर "कोण, तुम्ही होय". आठ महिने त्याने ते सोसलं होतं. नववा सोसायची त्याच्यात धमक नव्हती.

"वाराच होता गं," तो म्हणाला. "आणि माझं म्हणशील तर माझे कान लहानपणापासूनचे कच्चे, म्हणून तोल जायचा. आजी असती तर तिने सांगितलं असतं तुला. वर काही होत नाही. उलट डोक्याला शांतता असते."

"नक्की ना?"

"तुझ्याशी खोटं बोलेन का?"

तिचा चेहरा उजळला. तिने वाकून त्याच्या गळ्यात हात टाकले, "मी उगाच घाबरले होते," म्हणाली आणि त्याच्याच पेनने सही केली. त्याने उठून खुंट्यांवरून तिच्या मापाचा पट्टा शोधून काढला, दोन्ही बकलं ओढून पाहिली, वहीत तिचं नाव लिहिलं आणि सोमवारची तारीख घातली. ती गेल्यावर त्याने डबा उघडला. बायकोने आज दोन भाज्या दिल्या होत्या. त्याने दोन्ही संपवल्या.